मानेभोवतीची जागा

"आता तरी बोल्ट देता का, उस्ताद?"

ऊर्जितानं टार्गेटचा कागद त्यांच्यापुढं धरला. गोळ्या पाच आणि भोक एकच. शर्टाच्या बटणाएवढंही नाही.

दस्तगीर शिकलगारांनी कागदाकडं पाहिलं नाही. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि बोल्टाविना रायफल म्हणजे नुसती नळी. ती नळी मांडीवर घेऊन ऊर्जिता तासभर त्यांच्यासमोर बसून होती.

राज्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली होती.

तासगावबाहेरच्या रायफल रेंजला लागूनच उस्तादांचं पत्र्याचं वर्कशॉप. काडतूस जिथं बसतं ते रायफलीचं चेंबर त्यांनी स्वतःच कापून दिलं होतं, ऊर्जिताच्या हट्टापायी. कारखान्यातली चेंबरं सैल असतात, मला अरुंद मानेचं हवं, असा तिचा धोशा. मग त्या अरुंद चेंबरात बसतील अशा काडतुसांच्या पितळी पुंगळ्या करणंही तिनं अंगावर घेतलं; गोळी धरून ठेवणारं पुंगळीचं निमुळतं तोंड, म्हणजे तिची मान, बाहेरून तासून पातळ करायची.

"दोनशे पुंगळ्यांच्या माना हातानं तासल्यात मी," ती म्हणाली. "दोन महिने. जाडी कुठंही मोजा, तसूभर फरक निघणार नाही."

"जागा किती ठेवलीस?"

"कुठली?"

"मान आणि चेंबरची भिंत, यांच्या मधली."

"ठेवलीच नाही!" ऊर्जिताची मान ताठ झाली. "मधून हवासुद्धा जायची नाही, उस्ताद."

"वा, इंजिनिअर बाई."

तिला ते झोंबलं. पण खिसा त्यांचा होता.

"सकाळी पाचवी गोळी झाडलीस," उस्ताद म्हणाले, "आणि बोल्ट उचलताना तुझा हात अडला."

"नवी रायफल आहे. जरा जड जाणारच..."

"रायफल मी केलीय."

उस्तादांनी तिच्या डब्याकडं बोट केलं.

"सकाळची एक झाडलेली पुंगळी घे. आता डब्यातली कोरी गोळी घे. टाक तिच्यात."

"टाकू म्हणजे? दाबून बसवू?"

"टाक."

तिनं गोळी पुंगळीच्या तोंडावर धरून सोडली. गोळी तिथंच उभी राहिली. तिनं अंगठ्यानं रेटली. हलेना. दोन्ही अंगठे लावले. नखं पांढरी पडली, पण गोळी होती तिथंच.

उस्तादांनी खणातून काळी पडलेली एक पुंगळी काढली. त्याच मापाची, दुसऱ्या कुणाच्या तरी रायफलीत झाडलेली. तीच गोळी त्यांनी या पुंगळीच्या तोंडावर धरली आणि बोटं उघडली.

टिक.

गोळी आपल्या वजनानं आत गेली. त्यांनी पुंगळी उलटी केली, तशी गोळी आपल्या वजनानं परत तळहातावर आली.

ऊर्जिता बघत राहिली. आत दारू पेटते, मान फुगते आणि मगच गोळी सुटते, हे तिनं पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. तिच्या पुंगळ्यांना फुगायला जागाच नव्हती. मागची आग पाच वेळा त्या मिठीतून गोळी ढकलून काढत होती, आणि कोंडलेला दाब उलटा बोल्टावर येत होता. पाचही वेळा बोल्टाच्या मागं, चार बोटांवर, तिचा गाल होता.

तो गाल आत्ता गार पडला.

"पण मग... एका भोकात कशा गेल्या?"

"गेल्या खऱ्या. सहावी कुठं जाते, ते मला बघायचं नव्हतं."

पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"आणखी किती तासू?" शेवटी तिनं विचारलं. "आकडा सांगा."

"गोळीला विचार."

तिनं तासलेली एक कोरी पुंगळी घेतली आणि तासणीला लावली. केसाहून बारीक पितळी तार सुटत गेली. घट्टपणासाठी घालवलेले दोन महिने तिच्याच बोटांखालून निघून चालले होते. तिनं मोजलं, पुन्हा तासलं, पुन्हा मोजलं. मग दारू भरली, गोळी बसवली.

रेंजवर उस्तादांनी स्वतः बोल्ट चढवला. तिनं श्वास धरला, सोडला... आणि बार काढला.

बोल्ट एका बोटानं वर आला. पुंगळी उडून गवतात पडली. उस्तादांनी बोल्ट काढून पुन्हा खिशात टाकला.

ऊर्जिता गवतात गुडघे टेकून बसली. पुंगळी गरम होती. तिनं फुंकर मारली आणि कोरी गोळी पुंगळीच्या तोंडावर ठेवून बोटं उघडली.

टिक.

तिनं पुंगळी उलटी केली आणि गोळी पुन्हा टाकली.

टिक.

डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या पितळेनं आग झेलली होती, दोऱ्याएवढं रुंद झालं होतं आणि धरलेलं सोडून दिलं होतं. एवढ्या स्फोटात, एवढं हळुवार! तिच्या अंगावर काटा आला. तिनं गोळी तिसऱ्यांदा टाकली. चौथ्यांदा टाकली.

"टार्गेटवर कुठं लागली?" उस्तादांनी विचारलं.

ऊर्जितानं दचकून वर पाहिलं. तीनशे मीटरवर कागद वाऱ्यानं हलत होता.

"राहिलंच की बघायचं, उस्ताद."

उस्तादांनी खिशात हात घातला. बोल्ट काढून तिच्या ओंजळीत ठेवला, त्या गरम पुंगळीशेजारी.

"मग ने."