गिरमिटाने तोंड उघडलं

फार पूर्वी, अवजारं बोलायची तेव्हा, एका सुतारशाळेत कामाला लाकडी बाहुला आला. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, न सांगितलेलं त्याला कळायचं नाही. मालकीणबाईंनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत दार झालं नाही, तर सगळी अवजारं भंगारात."

बाहुल्याने रंधा उचलला आणि लाकडाच्या रेषांच्या उलट फिरवला. फळी सोलवटली.

"अक्कल नाही मेल्याला!" म्हातारा रंधा खेकसला.

कोपऱ्यातलं गिरमिट सकाळपासून धुमसत होतं. "आजोबा, रेषांचं त्याला सांगितलं कुणी?"

"सांगायचं कशाला? जाणत्या हाताला कळतं."

"म्हणजे तुमच्या तोऱ्यापायी आम्ही भंगारात जायचं?" गिरमिट बाहुल्याकडे वळलं. "ऐक. मी भोक पाडतं. टोक खुणेवर धर, उजवीकडे फिरव. टोक पलीकडे दिसलं की थांब आणि उरलेलं भोक त्या बाजूने पाड, नाहीतर फळी फुटेल. माझ्यावर हातोडा मारू नकोस."

बाहुल्याने तसंच केलं. भोक स्वच्छ पडलं!

लगेच करवत पुढे सरकली. "मी ओढताना कापते रे. ढकलताना जोर नको." मग खाचा पाडणारी पटाशीही बोलली. दाराचे सांधे जमू लागले.

उरला रंधा. "रेषा बघून फिरव," तो पुटपुटला. "उलटा फिरलो तर मी फाडतो."

लांबच लांब ढलपी सुटली, फळी गुळगुळीत झाली आणि उन्हं उतरायच्या आत दार दिमाखात उभं राहिलं.

"आजोबा, हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

 रंध्याच्या तोंडात ढलप्या भरल्या होत्या.