जमिनीला टेकलेली चक्री

बागेतली खेळणी एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. शहरातल्या एका बागेत गोल फिरणारी चक्री होती. एके दिवशी कुदळीनं खड्डा खणला आणि माणसांनी चक्री त्यात बसवून पार जमिनीच्या पातळीला आणली.

“गेली तुझी ऐट!” उंच घसरगुंडी खिदळली. चक्री कुदळीवर धुसफुसत राहिली.

संध्याकाळी व्हीलचेअरमधून शर्वाणी नावाची मुलगी आली. उचलून बसवलेलं तिला आवडत नसे, म्हणून ती रोज कडेनं नुसती बघायची. आज तिची खुर्ची सरळ चक्रीवर गेली. पोरांनी गरागरा फिरवलं, तशी ती ओरडली, “आई, बघ! माझी मीच आले!”

चक्रीला भरून आलं. ती हळूच म्हणाली, “कुदळताई, उपकार झाले बाई तुझे. आता जरा त्या घसरगुंडीकडेही बघ.”