शमुवेलबुवांचा एकांत आणि आग्या मोहोळ

सह्याद्रीच्या ज्या अंगाला सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, त्या अंगाला पाडळदरे नावाचे छोटेसे गाव आहे. प्रभू येशूचे भक्त शमुवेलबुवा त्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत राहत. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर वीणा, आणि बोलणे इतके हळू की ऐकणाऱ्याने पुढे सरकून बसावे. बुवांच्या कीर्तनाला आसपासच्या गावांतून सगळ्या धर्मांची माणसे येत. पण आजची गोष्ट कीर्तनाची नाही, बुवांच्या एकांताची आहे.

दर वर्षी नाताळ सरला, की उपवासकाळ लागण्याआधी बुवा वस्तीतल्या पुरुषांना घेऊन डोंगरावरच्या कपारीत जात. शुक्रवारी चढायचे आणि रविवारी उपासनेच्या वेळेला उतरायचे. वर काय चालते हे खाली कोणाला कळत नसे. बुवांनी बोलायला बंदी केली होती असे नाही. पण जाऊन आलेल्याला विचारले की तो नुसता हसे, नाहीतर पिकापाण्याचे काढी.

फरक मात्र दिसे, आणि तो घरातल्या बायकांना आधी दिसे. पौल गवंडी डोंगर उतरला, घरी जेवला आणि मोरीवर जाऊन स्वतःचे ताट घासून आला. त्याच्या आईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. पाण्याच्या पाळीवरून बोलणे तुटलेले दोन भाऊ एका गाडीतून बाजाराला जाताना दिसले. गावात तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे, बुवा वर कसलीशी मुळी चघळायला देतात. कोणी म्हणे, कपारीत जुन्या साधूची जागा आहे, तिचा गुण असणार.

या पुरुषांत थोमा साळवे नावाचा एक गरीब माणूस होता. डोंगरावरचे गवत कापायचे, भारे खाली आणायचे, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, पण फार तापट. एका संध्याकाळी कालवणावरून काही निमित्त झाले आणि त्याने बायकोवर, राहेलवर, हात उचलला. ती पहिली वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी राहेलने लहानग्या मुलीला कडेवर घेतले आणि शेजारच्या गावी भावाचे घर गाठले.

थोमा बुवांकडे आला. म्हणाला, “बुवा, माझा हात माझ्या ताब्यात राहत नाही.”

बुवा म्हणाले, “सावकारापुढे राहतो का रे ताब्यात?”

थोमाने मान खाली घातली.

“वर चल आमच्याबरोबर,” बुवा म्हणाले. “पण राहेल परत यावी म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. यायचं की नाही ते तिचं ती ठरवील. तू तुझ्यासाठी ये.”

थोमा गेला. पुढच्या वर्षीही गेला. मधल्या काळात तो एकटा राहिला, आपली भाकर आपण थापू लागला. रविवारी मात्र तो राहेलच्या माहेरगावच्या चर्चबाहेर उभा राही, मुलगी लांबून का होईना, दिसावी म्हणून.

त्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर राहेलचे थोरले भाऊ रूबेन भिंगारदिवे बसत. मंडळीत त्यांचा शब्द मोठा, वचने तोंडपाठ, आवाज खणखणीत. थोमा दिसला की ते पायरीवर थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलत.

“काय थोमा, पवित्र झालास का डोंगरावर बसून? बायकोला मारणारे दगडावर बसून सुधारायला लागले, तर उद्या सरड्यांनाही बाप्तिस्मा द्यावा लागेल.”

लोक हसत. थोमा म्हणे, “खरं आहे, दादा.” त्या उत्तराने रूबेन अधिकच चिडत.

मंडळी, एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. रूबेन यांचा राग खोटा नव्हता. बहिणीच्या दंडावरचे वळ त्यांनी स्वतः पाहिले होते. पण त्या रागात हळूहळू गर्व मुरला होता, आणि तो त्यांना दिसत नव्हता. बुवांचा एकांत म्हणजे दारू पिण्याची आडजागा, असे ते चारचौघांत सांगू लागले. मनात मात्र त्यांना कुतूहल होते. खरेच काय करत असतील हे लोक?

तिसऱ्या वर्षी त्यांना राहवले नाही. शनिवारी दुपारी ते मागच्या वाटेने डोंगर चढले आणि कपारीच्या वरच्या खडकावर पालथे पडून खाली पाहू लागले.

खाली पाहण्यासारखे काहीच नव्हते. माणसे दोघादोघांच्या जोड्यांनी बसली होती. एक बोलत होता, दुसरा ऐकत होता. उताराखाली, लांबवर, एक दाढीवाला गडी पीठ मळत होता आणि ते त्याच्या कोपरापर्यंत चिकटले होते. बुवा वीणेची तार पिळत बसले होते. दारू नव्हती आणि मुळीही नव्हती.

तेवढ्यात पौल गवंड्याचा आवाज वर आला. “बाप गेला तेव्हा मी रडलो नाही. मग घरात दुसऱ्या कोणाला रडूच दिलं नाही मी. पोरगी रडली की ओरडायचो.” समोरच्या माणसाने पौलच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रूबेन यांना पुढचे ऐकायचे होते. ते कोपरावर पुढे सरकले. त्यांच्या पायाने एक धोंडा सुटला, गडगडत गेला आणि कड्याखाली लटकलेल्या आग्या मोहोळावर बसला.

त्या मोहोळापासून दूर राहा, तिकडे धूर करू नका, असे बुवा चढल्या दिवशीच सगळ्यांना बजावत. आता अख्खे मोहोळ उठले. रूबेन धडपडत उठले, घसरले आणि खालच्या पायरीसारख्या खडकावर येऊन आदळले. घोटा मुरगळला. माश्यांनी त्यांना घेरले.

“सगळे आत व्हा. घोंगड्या पांघरा,” बुवांनी सांगितले. माणसे आत सरकली.

थोमा त्या वेळी टाक्यावरून पाणी घेऊन येत होता. त्याने हंडा खाली ठेवला, खांद्यावरची घोंगडी उलगडली आणि तो सरळ माश्यांच्या दिशेने धावला. त्याने रूबेन यांना घोंगडीखाली घेतले. दोघांना ती पुरेना, तेव्हा सगळी त्यांच्यावर ओढली आणि आपण उघड्या पाठीने वर ओणवा राहिला.

आत काळोख होता. बाहेर नुसते घोंघावणे.

“कोण आहे?” रूबेन यांनी विचारले.

“थोमा.”

“अरे, पळ तू. मरशील.”

“हलू नका, दादा.” त्याने घोंगडीची कड आत खोचली. मग म्हणाला, “मला काही झालं तर राहेलला एवढं सांगा, चूक तिची कधीच नव्हती. ती उलट बोलते म्हणून मारलं, असं मी लोकांना सांगत आलो. ते खोटं होतं.”

बुवा कपारीतून बाहेर आले. डोक्यावर काही न घेता ते संथपणे चालत गेले. ओठ हलत होते, पण शब्द कोणाला ऐकू आले नाहीत. थोमापासून थोड्या अंतरावर ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात जोडले.

पुढचे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. माश्यांचे घोंघावणे मंदावत गेले. एकेक करत त्या थोमाच्या पाठीवर उतरल्या. पाठ, मान, दंड काळे झाले. कोणी श्वास घेईना. थोमा हलला नाही.

“बायांनो, जा आता,” बुवा म्हणाले. “तुमचं घर मोडलं त्याचं आम्हाला वाईट वाटतं.”

माश्या उठल्या आणि ढगासारख्या कड्याकडे परत गेल्या. थोमाच्या पाठीवर एकही डंख नव्हता. धन्य तो प्रभू!

रूबेन यांचे तोंड सुजले होते, एक डोळा मिटला होता. बुवा नखाने त्यांच्या अंगात रुतलेले माश्यांचे काटे काढत बसले.

“बुवा, याला का नाही चावल्या?” रूबेन यांनी विचारले.

“मलाही कळलं नाही,” बुवा म्हणाले. “प्रभूला विचारायच्या गोष्टी पुष्कळ साठल्यात माझ्याकडे. त्यात ही एक.”

रूबेन यांना चालता येईना, म्हणून त्यांना तिथेच राहावे लागले. दिवस कलताना पुन्हा जोड्या बसल्या. तुम्ही कोणाजवळ बसता, असे बुवांनी विचारले, तेव्हा रूबेन यांनी थोमाकडे बोट केले. मग म्हणाले, “राहेल माझ्या घरी आली तेव्हापासून मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही, बाई, तुला काय हवंय? थोमा, तुला शिव्या देण्यातच मला बरं वाटत होतं.”

रविवारी माणसांनी रूबेन यांना झोळीतून खाली आणले. निरोप गेला होता, राहेल पायथ्याशी मुलीला घेऊन उभी होती. भावाने तिला घोंगडीखालचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. तिने थोमाकडे पाहिले.

“हे बोललात तुम्ही?”

“हो.”

“मग उपासनेत बोला. बदनामी चारचौघांत झाली होती.”

थोमा त्याच दिवशी सगळ्या मंडळीसमोर उभा राहिला आणि बोलला. राहेलने शेवटपर्यंत ऐकले. म्हणाली, “मी आज येणार नाही. पुढच्या रविवारी दादाकडे जेवायला या. मग बघू.”

थोमा त्या रविवारी गेला, आणि नंतरचे कितीतरी रविवार गेला. पुनरुत्थानाचा सण झाल्यावर राहेल आपल्या पायांनी पाडळदऱ्याला आली. थोमाचा हात पुन्हा कधी उठला नाही. हे राहेलनेच म्हातारपणी सांगितले आहे.

तिला पोहोचवायला रूबेन आले होते. थोमाच्या दारात बुवा होते. रूबेन त्यांच्या पायांशी वाकू लागले, तसे बुवांनी त्यांना खांद्याला धरून थांबवले.

“मी नुसता प्रार्थनेला बसलो होतो,” बुवा म्हणाले. “पाठ कोणी उघडी ठेवली होती?”

रूबेन थोमाकडे वळले. ते वयाने मोठे, मानाने मोठे, बायकोचे थोरले भाऊ, म्हणून थोमा त्यांना अडवायला पुढे झाला. रूबेन यांनी त्याचे हात बाजूला सारले, डोक्यावरचा फेटा उतरवून उंबऱ्यावर ठेवला आणि भर वस्तीत त्या गवत कापणाऱ्या माणसाच्या पायांवर कपाळ टेकले.