भैरूने साचलेलं पाणी ओतलं

नदीकाठच्या एका गावात एक भोळा सुतार राहायचा. नाव त्याचं भैरू. रंधा मारायला हुशार. पण कुणी काही सांगितलं, की शब्दाला शब्द धरून तसंच करायचा.

त्या वर्षी पूर आला आणि ओसरला. विहिरी गढूळ झाल्या. घराघरात जुलाब सुरू झाले. नर्सबाई दारोदार सांगत फिरल्या, "पाणी उकळूनच प्या."

भैरूने पाणी चुलीवर ठेवलं. खळखळ उकळलं तसा तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला. मग अंगणभर नाचला.

त्याची बायको हौसा म्हणाली, "अवो, गरम दिसलं की थांबायचं. गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"चुकलंच माझं," भैरू जीभ बाहेर काढून म्हणाला. "आता तसंच करतो."

पुराच्या चिखलात अनवाणी फिरून त्याच्या सासूला ताप भरला. हौसा बाहेर निघाली होती. "आईकडे बघा," असं सांगून गेली. परत येऊन बघते, तर आई फणफणलेली आणि भैरू शेजारी स्वस्थ बसलेला.

"अवो, नर्सबाईंना बोलवायचं नाही का?"

"लई गरम लागल्या गं. गार व्हायची वाट बघतोय."

हौसा धावतच नर्सबाईंना घेऊन आली. नर्सबाईंनी औषध सुरू केलं आणि भैरूला झापलं. "पुरानंतरचा ताप अंगावर काढायचा नसतो. कोणी तापलं, की थंड पाण्याची पट्टी कपाळावर ठेवायची आणि मला हाक मारायची. कळलं?"

"चुकलंच माझं. आता तसंच करतो."

सासूबाई सुदैवाने बऱ्या झाल्या. उठून बसल्या आणि जावयाबद्दल जे बोलल्या, ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

मग चावडीवर सभा भरली. डासांनी गाव फोडून काढलं होतं, डेंगीचे रोगी निघाले होते, तरी कुणी डबकी उपसत नव्हतं. सरपंच कलगोंडा पाटील मूठ आपटून ओरडत होते. भैरूच्या शेजारचा कुजबुजला, "आज सरपंच लईच तापलेत."

भैरू ताडकन उठला. खांद्यावरचा टॉवेल कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि भर भाषणात सरपंचांच्या कपाळावर थापला. वर हाक मारली, "नर्सबाई, लवकर या! हे पण तापले!"

सगळी सभा हसून लोळायची बाकी राहिली. सरपंचांच्या मिशीतून पाणी गळत होतं.

"अरे शहाण्या, एवढी हौस असेल तर कामाचं बघ! साचलेलं पाणी दिसेल तिथं ओतून टाक. थेंब ठेवू नकोस. आणि मधे कोण आलं, तर त्याचं ऐकू नकोस!"

"चुकलंच माझं. आता तसंच करतो."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी भैरूने कमाल केली. टायर उलटे केले, फुटके डेरे उपडे केले, गोठ्यामागची डबकी बुजवली. बघणारे म्हणाले, "भैरू सुधारला!"

दुपारी तालुक्याहून पिण्याच्या पाण्याचा टँकर आला. शुद्ध, औषध टाकलेलं पाणी. ड्रायव्हर चहाला गेला. बाया घागरी घेऊन निघाल्या. त्यांच्याआधी भैरू पोहोचला. त्याने वर चढून झाकण उघडलं आणि आत डोकावला.

"अरे देवा!" म्हणाला आणि खाली उतरून त्याने मागचा व्हॉल्व्ह पुरता फिरवला. पाणी धो धो गटारात.

"अवो, बंद करा ते!" हौसा घागर टाकून धावली.

"कुणाचं ऐकायचं नाही, असं सांगितलंय," भैरू म्हणाला आणि व्हॉल्व्हला पाठ लावून उभा राहिला.

सरपंच धापा टाकत आले, तेव्हा शेवटचा थेंब गळत होता. भैरूने कपाळाचा घाम पुसला.

"बरं झालं सरपंच, मी वेळेवर बघितलं," तो म्हणाला. "गावातली डबकी तरी जागेवर होती. या लबाडाने तर चाकं लावलेली!"