आईनं सोडलेला सल्ला

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक आई होती. चातुर्मास लागला की गावातल्या बाया कुणी वांगं सोडत, कुणी गूळ. त्या वर्षी आईनं देवापुढं हात जोडले आणि सल्ला सोडला.

शेजीबाई हसली. "वांगं सोड बाई, झेपेल. सल्ला सोडून आई कशी राहायची?"

पण घरात लेक होती, शिकायच्या वयाची. गावची रीत अशी, की दसऱ्याला एका गुरूच्या दारी आपट्याचं पान ठेवायचं आणि तिथंच विद्या घ्यायची. ठेवलेलं पान पुन्हा उचलता येत नसे. लेकीला वैद्यकी आवडे, गाणं आवडे, विणकामही आवडे. आईच्या मनात मात्र एकच, लेकीनं वैद्य व्हावं.

"आई, तूच सांग ना, कुठं ठेवू पान?"

"माझा नेम आहे, बाळ. तू तिन्हीकडं जाऊन ये. संध्याकाळी वाती वळताना सांग, मी ऐकते."

लेक वैद्यबुवांकडं गेली. आल्यावर म्हणाली, "मुळ्या कुटल्या. शाबासकी मिळाली." आणि वाती वळू लागली.

गवईबुवांकडं गेली. "सगळे वाहवा म्हणाले. पण तोच सूर किती घोटायचा गं?"

विणकराकडं गेली, ती दिवेलागण झाली तरी येईना. आली ती हसतच. "आई, मोराची मान चुकली. उसवली, पुन्हा विणली, पुन्हा चुकली. काका म्हणाले, पोरी, हा मोर की कोंबडा? उद्या बघ, चोच तरी नीट काढते."

वाती वळून संपल्या, लेकीचं बोलणं संपेना. 'अगं, वैद्यकी घे' हे शब्द आईच्या ओठांवर आले. तिनं तुळशीचं पान जिभेवर ठेवलं आणि ऐकत राहिली.

बोलता बोलता लेकच थांबली. "आई, शाबासकी तर तिथं मिळालीच नाही. तरी उद्या कधी उजाडेल असं झालंय."

दसऱ्याला तिनं विणकराच्या दारी पान ठेवलं.

कार्तिकी एकादशी झाली, नेम पुरा झाला. शेजीबाईनं विचारलं, "आता तरी सांग, तुझ्या मनात काय होतं?"

"होतं काहीतरी. पण ते माझं होतं, तिचं नव्हतं."

तेवढ्यात लेक देवासाठी विणलेलं पहिलं वस्त्र घेऊन आली. मोर अजून जरासा कोंबड्यासारखाच होता. आईनं ते देवाला पांघरलं आणि डोळे भरून पाहत राहिली.

तात्पर्य: ज्या कामातली चूक उसवतानाही जीव रमतो, ते काम आपलं. ते ज्याचं त्याला उमगेपर्यंत घरच्यांनी ऐकावं.

म्हणून म्हणते बायांनो, लेकरू असं अडलं असेल तर यंदा वांगं खुशाल खा, सल्ला तेवढा सोडून बघा. देव गोड करील.