तात्यांचे दोन नळ

विष्णुतात्या पाध्यांच्या आगरात भर दुपारीही पहाट असल्यासारखं वाटायचं. उंच पोफळींमधून ऊन गाळून यायचं आणि पाटातलं पाणी झाडाझाडाशी थांबत, झोपेत चालल्यासारखं पुढे सरकायचं. आगराच्या कडेला तात्यांची एक खोली होती. तिथे शालन नावाची भाडेकरू एकटी राहून गोधड्या शिवायची.

विहिरीवर पंप एकच होता आणि टाकीला नळ दोन. तात्यांचा नळ पाटाच्या तोंडाशी, शालनचा तिच्या मोरीत. उन्हाळ्यात पंपाचं वीजबिल भरमसाट आलं, तेव्हा तात्यांनी तिला ओसरीवर बोलावलं. शेजारचे चौघे तिथे सुपारी कातरत बसले होते.

"दोन नळ, दोन वाटे," तात्या म्हणाले. "निम्मं बिल तू भर, नाहीतर खोली सोड."

"तात्या, मी दिवसाला चार कळश्या भरते. तुमच्या नळावर सगळं आगर भिजतं."

"कोण किती भरतो ते मी बघत नाही. दोन्ही नळ सारखेच. माझ्याकडे दुजाभाव नाही, विचार कुणालाही."

शालननं पाटाकडे पाहिलं. पाण्यात पोफळींच्या सावल्या डुलत होत्या.

"बरं, देते निम्मं," ती म्हणाली. "सारखेच आहेत, तर महिनाभर नळ बदलून घेऊ. तुमच्या नळावर मी माझ्या चार कळश्या भरीन आणि बंद करीन. तुम्ही माझ्या मोरीतून हवं तेवढं न्या."

अडकित्ते थांबले. तात्यांची नजर पाटाबरोबर आगराच्या टोकापर्यंत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली.

"शालनबाई," ते म्हणाले, "चार कळश्यांचं बिल काय होईल ते तुम्हीच सांगा."