नाकावर चरा असलेलं तिकीट

फार वर्षांपूर्वी ग्रीसच्या एका बेटावरच्या टपाल कचेरीत दोन पाकिटं शेजारी पडली होती. दोन्हींच्या तिकिटांवर पंखवाला हर्मीस देव होता. फक्त एकाच्या नाकावर बारीक चरा होता.

“असलं थोबाड घेऊन परगावी निघालंस?” गुळगुळीत तिकीट म्हणालं. “माझ्यावर एक तरी डाग दाखव!”

“मला छापलं तसं मी आहे,” चऱ्याचं तिकीट म्हणालं.

पोस्टमास्तर अनाग्नोस्तिस यांनी भिंग लावलं आणि गुळगुळीत तिकीटच सोलून काढलं.

“छापखान्यात ज्या दगडावरून तिकिटं छापतात, त्या दगडालाच चरा आहे. प्रत्येक खऱ्या तिकिटावर तो उतरतो. नक्कल करणाऱ्यानं चूक सुधारली, तिथंच फसला!”

चऱ्याच्या तिकिटावर शिक्का बसला आणि ते बोटीत चढलं. कचऱ्याच्या टोपलीतून गुळगुळीत तिकीट ओरडतच होतं, “पण डाग दाखवा ना!”